ज्याची वही, त्याची बेरीज

(पाली, जि. रायगड येथील कार्यकर्ता शिबिरात झालेले भाषण. कापूस-ज्वारीच्या जिल्ह्यांतील बैठकांत वाचून दाखवण्यासाठी.)



बल्लाळेश्वराच्या या गावात आज दोन तऱ्हेची माणसे बसली आहेत. सुधागड-पेणची मंडळी भातवाली. आम्ही विदर्भ-मराठवाड्याकडून आलेलो कापूस-ज्वारीवाले. इथे पाऊस पडतो तो आमच्या तीन-चार वर्षांचा एकदम. सरसगडाकडे पाहिले तर आमच्याकडच्या काही जणांना वाटले, एवढ्या पाण्यात कसले आले दारिद्र्य? काल रात्री गप्पा झाल्या तेव्हा कळले, हिशेब दोन्हीकडे सारखाच तुटीचा आहे. आज बोलायचे ते या हिशेबाबद्दलच. शेतीत तोटा आहे की नफा, सरकार शेतकऱ्याला देते की त्याच्याकडून घेते, हे ठरवणारी विद्वान मंडळी असतात. ते आकडे आणतात, आपण गप्प बसतो. आकड्यापुढे काय बोलणार? आमचे म्हणणे असे की आकडा आणणाऱ्या माणसाला आधी एक राजकीय मत असते, वही त्या मताने आखली जाते, आणि बेरीज त्या वहीवर होते. बेरजेत चूक सापडणार नाही. चूक शोधायची ती वहीच्या रकान्यांत.

हे नवे नाही. दोनशे वर्षांपूर्वीची गोष्ट ऐका, कारण ती तुमच्या सातबारावर अजून बसलेली आहे.

१८१८ साली पेशवाई बुडाली आणि दख्खन कंपनी सरकारच्या हाती आले. सारा किती घ्यायचा? त्याच सुमारास, १८१७ साली, विलायतेत डेव्हिड रिकार्डो नावाच्या अर्थशास्त्र्याचा ग्रंथ निघाला होता. त्याचे म्हणणे थोडक्यात असे : जमिनीच्या पिकातून लागवडीचा खर्च आणि भांडवलावरचा साधारण नफा वजा केला की जे उरते तो खंड. हा खंड काही कष्टाने येत नाही, जमीन चांगली म्हणून येतो. तो सरकारने घेतला तरी लागवड करणाऱ्याचे काही बिघडत नाही, धान्याचा भावही वाढत नाही. विलायतेत हा विचार जमीनदारांच्या विरोधातला होता. इकडे कंपनीच्या कचेरीत तो आला तेव्हा जमीनदाराच्या जागी सरकारच बसलेले होते आणि खंड घेणारेही तेच.

कंपनीचे नोकर हेलिबरीच्या कॉलेजात शिकून येत. तिथे अर्थशास्त्र शिकवायला माल्थस होता. तिथून शिकून आलेल्या प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने १८२० च्या दशकाच्या शेवटी पुणे भागात मोजणी केली. प्रत्येक प्रतीच्या जमिनीचे पीक किती, खर्च किती, निव्वळ उत्पन्न किती, सारे काढले. काम मेहनतीचे होते, यात शंका नाही. मग निव्वळ उत्पन्नाच्या शंभरातले ५५ सरकारचे, असे ठरले. कागदावर शेतकऱ्याजवळ ४५ उरत होते.

प्रत्यक्षात काय झाले? बाकी थकली. वसुलीसाठी जुलूम झाले. लोक जमिनी टाकून गेले, कित्येक जण सरहद्द ओलांडून निजामाच्या मुलुखात गेले. कारण ते 'निव्वळ उत्पन्न' साहेबाच्या वहीत होते, कुणब्याच्या घरात नव्हते. दोन-तीन वर्षांतून एकदा पीक बुडते, बैल मरतो, घरातली चार माणसे राबतात ती कुठल्या रकान्यात धरायची, याला त्या शास्त्रात जागा नव्हती. शेवटी १८३५-३६ साली इंदापूर तालुक्यापासून गोल्डस्मिड आणि विंगेट या दोघांनी नवी मोजणी सुरू केली. त्यांनी शास्त्र बाजूला ठेवले, जमिनीची खोली आणि रंग पाहून आणेवारीने प्रत लावली, दर उतरवले आणि तीस वर्षांसाठी बांधून दिले. तुमच्या उताऱ्यावर 'आकार' म्हणून जो रुपया-पैशांचा आकडा दिसतो त्याचे मूळ या पद्धतीत आहे. याच विंगेटने पुढे १८५९ साली हिंदुस्थानातून विलायतेला जाणाऱ्या पैशाविरुद्ध पुस्तिका लिहिली. साहेबांतही असे होते, हे सांगायला हरकत नाही.

नंतर कापसाचे दिवस आले. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चालले, तिकडचा कापूस बंद झाला आणि आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. युद्ध संपले, भाव कोसळला. पण मधल्या काळात सारा वाढवून घेतला गेला, सावकाराची बाकी चढली. १८७५ च्या मे महिन्यात सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांची कागदपत्रे जाळली आणि पुणे-नगर जिल्ह्यांत दंगे पसरले. सरकारने आयोग नेमला. आयोगाच्या अहवालाचा भर सावकारावर राहिला. त्यातल्याच एका सदस्याने, ऑकलंड कोल्विन यांनी, वेगळे टिपण देऊन सारावाढीकडे बोट दाखवले. कायदा कोणता झाला? १८७९ चा, सावकाराच्या व्यवहाराला लगाम घालणारा. साऱ्याचा रकाना तसाच राहिला. सावकार लुबाडत नव्हता असे कुणी म्हणणार नाही. पण चौकशी करणारा आणि सारा घेणारा एकच असला की बोट कोणाकडे वळते ते पाहा. १८८३ साली जोतीराव फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला तो याच मोकळ्या राहिलेल्या रकान्यावर.

रायगडवाल्यांना हे सांगायला नको. तुमचा जिल्हा कुलाबा होता तेव्हा इथे खोत होते. खोतांच्या वकिलांचे अर्थशास्त्र सोपे होते : जमीन आमची, कूळ राजीखुशीने करार करते, अर्धेल देते, यात सरकारने का पडावे? अलिबागजवळच्या चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ साली नारायण नागू पाटलांच्या पुढारपणाखाली जमीन कसायचे थांबवले आणि सहा वर्षे तो संप चालवला. डॉ. आंबेडकरांनी १९३७ साली मुंबईच्या विधिमंडळात खोती मोडण्याचे विधेयक मांडले. खोती कायद्याने गेली ती १९४९ साली. सहा वर्षे उपाशी राहणाऱ्या माणसाचा करार 'राजीखुशीचा' होता का, हा प्रश्न त्या वकिलांच्या पुस्तकात येतच नव्हता.

आता स्वातंत्र्यानंतर या.

दुसऱ्या पंचवार्षिक योजनेपासून, म्हणजे १९५६ पासून, मोठे कारखाने हे देशाचे भवितव्य ठरले. कारखाना चालवायचा तर मजूर स्वस्त हवा, मजूर स्वस्त हवा तर धान्य स्वस्त हवे, कच्चा माल स्वस्त हवा. रशियात १९२० च्या दशकात प्रेओब्राझेन्स्कीने हेच उघडपणे मांडले होते की उद्योगाचे भांडवल शेतीतून काढावे लागेल. आपल्याकडे उघडपणे कोणी म्हणाले नाही, इतकेच. मत डावे असो की भांडवलवाद्यांचे, स्वस्त धान्यावर दोघांचे जमते, हे आमचे निरीक्षण तुम्ही तपासून पाहा.

१९७७ साली एक गंमत झाली. एकाच वर्षी दोन पुस्तके निघाली. एक अशोक मित्रांचे. हे गृहस्थ कृषी मूल्य आयोगाचे अध्यक्ष राहिलेले, देशाचे मुख्य आर्थिक सल्लागार राहिलेले, आणि त्याच वर्षी पश्चिम बंगालच्या डाव्या सरकारात अर्थमंत्री झालेले. त्यांचे म्हणणे, धनिक शेतकऱ्यांनी राजकीय वजन वापरून व्यापारशर्ती शेतीच्या बाजूला वळवल्या आहेत, त्यामुळे उद्योग अडला आणि गरीब भरडला गेला. व्यापारशर्ती म्हणजे काय? आपण विकतो त्याचा भाव आणि विकत घेतो त्याचा भाव, यांचे एकमेकांशी प्रमाण. दुसरे पुस्तक मायकेल लिप्टन या इंग्रज अभ्यासकाचे. त्याचे म्हणणे अगदी उलट : गरीब देशांत शहराच्या बाजूने भाव वाकवले जातात, म्हणून खेड्यातला गरीब गरीबच राहतो.

दोघेही विद्वान, दोघांकडे आकडे. खोटे कोण? आम्ही म्हणतो, दोघेही खोटे नाहीत. प्रश्न सुरुवात कुठून करायची याचा आहे. १९५४-५५ साली धान्याचे भाव कोसळलेले होते. ते वर्ष शून्य धरा, पुढे शेतीचे भाव चढलेलेच दिसणार. १९६५-६६ आणि ६६-६७ ही दुष्काळाची वर्षे. तिथून मोजा, उतरलेले दिसणार. शिवाय शेतकरी काय विकत घेतो याची यादी कोण करतो? त्यात डिझेल किती, युरिया किती, पोरीच्या लग्नाचे कापड किती, दवाखाना किती? यादी बदलली की उत्तर बदलते. आणि यादी करणाऱ्याच्या मनात आधी ठरलेले असते की शेतकरी म्हणजे बंगल्यातला बागायतदार की तीन एकरवाला कोरडवाहू.

स्वीडनचा गुन्नार मिर्दाल म्हणे की अर्थशास्त्र्याला मत नसते हे ढोंग आहे, त्याने आपले मत आधी सांगून टाकावे आणि मग आकडे मांडावेत. त्याला १९७४ साली नोबेल मिळाले, ते हायेकबरोबर वाटून. दोघांची मते एकमेकांच्या पार विरुद्ध. एका शास्त्राचा एकच मुकुट दोन टोकांच्या माणसांच्या डोक्यावर! मिर्दालची सूचना आम्हाला पटते. आमचे मत आम्ही लपवत नाही : आम्ही शेतकऱ्याच्या बाजूचे आहोत. समोरच्यानेही आपली बाजू सांगावी, मग हिशेबाला बसू.

आता आपल्या रोजच्या भांडणाकडे. आधारभूत भाव सुचवणारा आयोग जानेवारी १९६५ मध्ये नेमला गेला. प्रा. दांतवाला पहिले अध्यक्ष. आधी त्याचे नाव नुसते कृषी मूल्य आयोग होते, १९८५ साली नावात 'उत्पादन खर्च' आला. नावात आला, भावात किती आला ते पाहू.

आयोग खर्च तीन तऱ्हांनी काढतो. एक ए-टू. खिशातून गेलेला पैसा : बियाणे, खत, फवारणी, मजुरी, डिझेल, सारा. दुसरा, त्यात घरच्या माणसांची मजुरी मिळवलेला. तिसरा सी-टू. त्यात आपल्या मालकीच्या जमिनीचा खंड आणि आपल्या गुंतवलेल्या पैशाचे व्याज धरतात. २००४ साली नेमलेल्या स्वामिनाथन आयोगाने सांगितले की खर्चावर निदान पन्नास टक्के वर द्या. कोणत्या खर्चावर, यावर सारे राजकारण. २०१८ च्या अर्थसंकल्पात सरकारने जाहीर केले, दीडपट दिला. इथल्या भाताचेच घ्या. २०१८-१९ च्या खरिपासाठी भाताचा दुसरा खर्च क्विंटलला ११६६ रुपये धरला आणि भाव दिला १७५०. दीडपट झाली, हिशेब चोख. पण सी-टू होता १५६०, त्याची दीडपट २३४०. एकाच पोत्यावर ५९० रुपयांचा फरक, आणि तो सारा एका रकान्याचा. मध्यम धाग्याच्या कापसाला त्या वर्षी ३४३३ खर्च धरून ५१५० दिले, संकरित ज्वारीला १६१९ धरून २४३०. गणित तेच.

सी-टू का नको, याचे उत्तर मोठे वाचण्यासारखे आहे. विद्वान सांगतात, खंड खर्चात धरला तर भाव वाढेल, भाव वाढला की खंड वाढेल, मग पुन्हा खर्च वाढेल, हे चक्र थांबणार कसे? खंड हा भावाचे कारण नव्हे, परिणाम आहे. ओळखीचे वाटते? हे रिकार्डोचेच आहे! कंपनीच्या काळी त्याच्या नावाने खंड आमच्याकडून काढून घेतला, कारण तो आमच्या कष्टाचा नव्हता. आज त्याच्याच नावाने तो आमच्या खर्चातून वगळतात, कारण तो खर्च नाही. दोन्ही वेळा शास्त्र एकच, आणि दोन्ही वेळा वजाबाकी आमच्याच पदरी. युक्तिवादात तथ्य नाही असे आम्ही म्हणत नाही. भाव चढला की खंड चढतो हे आम्ही डोळ्यांनी पाहतो. पण मग जो खंडाने जमीन करतो त्याने रोख मोजलेला खंड त्याचा खर्च नाही का? आणि कारखानदाराच्या शेडचे भाडे, यंत्राची झीज, कर्जाचे व्याज त्याच्या मालाच्या किमतीत धरताना हे चक्र कोणाला का आठवत नाही?

कोरडवाहूवाल्यांसाठी आणखी एक गोम. आयोगाचा खर्च सगळ्या देशाची सरासरी असतो. गुजरात-पंजाबच्या पाण्याखालचा कापूस आणि आमचा पावसावरचा कापूस एकाच कढईत. एकरी उतारा कमी तिथे क्विंटलमागे खर्च जास्त, हे पोरालाही कळते. सरासरीत तो दिसेनासा होतो. महाराष्ट्र सरकार केंद्राकडे ज्या भावाच्या शिफारशी पाठवते त्या केंद्राच्या भावाहून कितीतरी वर असतात. एकच कापूस, मुंबईत एक खर्च आणि दिल्लीत दुसरा.

ज्वारीचे तर काय बोलावे. ती 'भरड धान्य'. हा शब्द ठरवला कोणी? ज्याच्या ताटात गहू-तांदूळ होते त्याने. खरेदी गहू-तांदळाची, रेशन गहू-तांदळाचे, संशोधनाचा मोठा पैसा त्यांच्यावर. आमच्या ज्वारीचे क्षेत्र आटत गेले. मग २०२३ हे भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष झाले आणि तीच ज्वारी 'श्री अन्न' झाली. नाव बदलायला एक भाषण लागते. खरेदी केंद्र उघडायला काय लागते ते तुम्हाला ठाऊक आहे.

आता सगळ्यात मोठा तमाशा, जिनिव्हाचा. तोही २०१८ सालचाच. त्या वर्षी ओईसीडी ही श्रीमंत देशांची संस्था आणि दिल्लीची इक्रिअर यांचा अभ्यास बाहेर आला. त्यांनी २०००-०१ ते २०१६-१७ या वर्षांतले इथले भाव आणि जगातले भाव ताडून पाहिले आणि सांगितले की निर्यातबंदी, साठ्यावरची बंधने वगैरे धोरणांमुळे भारतातल्या शेतकऱ्याच्या मिळकतीतून दरसाल सरासरी १४ टक्के कापले गेले. म्हणजे अनुदान उणे. त्याच वर्षी नोव्हेंबरात अमेरिकेने जागतिक व्यापार संघटनेत तक्रारीचा कागद दिला की भारत कापसाला मालाच्या किमतीच्या ५३ ते ८१ टक्के एवढा आधार देतो, मर्यादा तर १० टक्क्यांची आहे. मे महिन्यात गहू-तांदळाबद्दल असाच कागद आधी देऊन झाला होता.

उणे चौदा की अधिक एक्याऐंशी? कापूस तोच, शेतकरी तोच!

मेख कुठे आहे बघा. व्यापार संघटनेच्या नियमात परदेशी भाव म्हणून १९८६ ते ८८ चा भाव गोठवलेला आहे. तेव्हा डॉलर तेरा रुपयांच्या आसपास, २०१८ ला सत्तरीकडे गेलेला. अमेरिकेने आजचा रुपयातला आधारभाव त्या जुन्या रुपयातल्या भावाशी ताडला. तीस वर्षांपूर्वीच्या बैलजोडीच्या किमतीशी आजची किंमत लावली तर प्रत्येक बैल चोरीचा वाटेल. वर हा फरक सगळ्या पिकाला लावला, सरकारने खरेदी केलेले बोंड असो वा नसो. आपले सरकार हिशेब डॉलरमध्ये करते आणि खरेदी केलेल्या मालापुरताच धरते, म्हणून आकडा बारीक निघतो.

अमेरिका कापसाच्या अनुदानावर बोलते हेही नवल. ब्राझीलने २००२ साली त्यांच्याच कापूस अनुदानावर दावा लावला आणि जिंकला. बेनिन, बुर्किना फासो, माली, चाड हे आफ्रिकेचे चार देश २००३ पासून तेच रडगाणे गात आले. पण आपल्या सरकारचेही पाहा. जिनिव्हात ते सांगते, आम्ही शेतकऱ्याला जवळजवळ काहीच देत नाही. त्याच वर्षी दिल्लीत सांगते, दीडपट दिला. दोन्ही कागद सरकारचेच.

आपल्या महाराष्ट्राची एकाधिकार कापूस खरेदी तुमच्यापैकी ज्येष्ठांना आठवत असेल. कायदा १९७१ चा, योजना १९७२-७३ च्या हंगामापासून. ज्यांचे मत व्यापारी हा चोर असे होते त्यांनी अभ्यास केला तेव्हा हमीभाव आणि बोनस मोजला. ज्यांचे मत सरकारी धंदा म्हणजे खड्डा असे होते त्यांनी योजनेचा तोटा मोजला. चुकाऱ्यासाठी महिनोन्महिने खेटे घातले त्याचे व्याज, ग्रेडरने खाली घातलेली प्रत, केंद्रावर गाड्यांच्या रांगेत गेलेल्या रात्री, हे दोघांच्याही वहीत नीट आले नाही. शेजारच्या राज्यात भाव चढा असला की सरहद्दीवरचा शेतकरी आपलाच कापूस चोरासारखा रात्री न्यायचा. एखाद्या योजनेचा खरा अहवाल तो असतो. या शतकाच्या सुरुवातीला एकाधिकार गेला. गेल्यावर व्यापाऱ्याने काय केले हेही पाहिलेच आहे.

बीटी बियाण्याचे तसेच. मार्च २००२ मध्ये परवानगी मिळाली. देशाचे पीक २००१-०२ च्या १५८ लाख गाठींवरून २०१३-१४ पर्यंत ३९८ लाखांवर गेले. एक बाजू म्हणते सारे बियाण्याने, दुसरी म्हणते पाऊस, पाणी आणि वाढलेले क्षेत्र. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने यवतमाळकडची शेते खाल्ली तेव्हा पहिली बाजू खाली पाहू लागली. पण दुसऱ्या बाजूनेही मधल्या वर्षांत वाचलेल्या फवारण्या कधी मोजल्या नाहीत. शेतकऱ्याला विचारले असते तर त्याने दोन्ही सांगितले असते.

म्हणून काम सांगतो आणि थांबतो. आयोगाकडे जाणारे खर्चाचे आकडे निवडक गावांतल्या मोजक्या शेतकऱ्यांकडून घेतलेले असतात. आपल्याकडे ते काम राहुरीच्या कृषी विद्यापीठाकडून चालते. तुमच्या गावात असा माणूस आला तर त्याला चहा पाजा आणि घरच्या बाईची निंदणी-वेचणी किती दिवस धरली ते वहीत पाहून घ्या. येत्या हंगामात प्रत्येक तालुक्यातून दहा घरांनी कापसाची आणि ज्वारीची वही ठेवायची आहे : पैसा किती गेला, घरची माणसे किती दिवस राबली, स्वतःचे बैल किती दिवस, खंड गावात काय चालतो, कर्जाचे व्याज काय, माल कोणत्या तारखेला कोणत्या भावाने गेला आणि पैसे हातात कधी आले. पीक बुडाले तर वही बंद करायची नाही, त्या वर्षाची वही तर हवीच. कोऱ्या वह्या मागच्या टेबलावर ठेवल्या आहेत. जाताना आपापल्या तालुक्याच्या मोजून घ्या आणि नाव लिहून जा. वेचणी संपली की जिल्हा बैठकीत त्या उघडायच्या आहेत.